वाटाड्यानं थांब म्हटलं की थांबायचं

मामांनी हात वर केला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले असतील. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या रानात आम्ही तासभर आत आलो होतो. जानेवारीचं धुकं झाडांच्या शेंड्यांना अजून धरून होतं, कारवीच्या पानांवरनं पाणी टपकत होतं. सगळ्यांत पुढे आमचे वाटाडे मामा, त्यांच्या मागे आमचा लीडर, आणि मग आम्ही बेचाळीस जण. रांग इतकी लांब होती की पुढचा थांबलाय हे शेवटच्याला कळेपर्यंत मिनिटभर जायचं. तोवर मागनं हसण्याचे, फोटोसाठी एकमेकांना हाका मारल्याचे आवाज येतच राहायचे. मी रांगेत चौथा होतो.

मामा खाली वाकले. वाटेत शेणाचा पो पडला होता. त्यांनी तळहात उलटा करून त्याच्या अगदी जवळ नेला. ऊब होती. शेजारच्या ओल्या मातीत खूर उठला होता, माझ्या तळहाताएवढा, आणि त्याला लागूनच एक इवलासा. पलीकडे कारवीचा शेंडा खुडलेला, तुटल्या जागी अजून रस. मामांनी मान वर करून वास घेतला, आणि तेव्हा मलाही तो आला. गोठ्यात शिरल्यावर येतो तसाच, पण उग्र.

"लेकुरवाळी हाय," मामा अगदी हळू म्हणाले. "म्होरं नको. मागं फिरूया."

लीडरनं घड्याळ बघितलं. "मामा, लोकांनी पैसे भरलेत. पुढचा पॉइंट तरी दाखवूया."

मामा काही बोलले नाहीत. क्षणभर उभे राहिले आणि चालू लागले.

पुढच्याच वळणावर ती होती. गव्याची मादी, आमच्यापासून पंचवीसेक पावलांवर. काळपट तपकिरी अंग, गुडघ्याखाली पांढरे पाय, आणि तिच्या पोटाआड पिल्लू. ती जोरात फुरफुरली, पुढचा पाय आपटला, दोन ढांगा आमच्या रोखानं आली आणि थांबली. तेवढ्यानं रांग फुटली. जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. एक मुलगी दगडावरनं घसरली, तिचा घोटा मुरगळला. त्या आरडाओरड्यानं मादी एकीकडे उधळली आणि पिल्लू दुसरीकडे.

मुलीच्या पायाला क्रेप बँडेज बांधून आम्ही परत फिरलो. थोडक्यात निभावलं म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. गाडीत रंकाळा येईपर्यंत तोच व्हिडिओ या मोबाइलवरनं त्या मोबाइलवर जात होता. मला मात्र मामांचं ते क्षणभर उभं राहणं डोळ्यांसमोरनं हलेना. ज्यानं त्या रानात जन्म काढला त्याचा शब्द चालला नाही, आणि पहाटे कोल्हापुरातनं निघालेल्या पंचविशीतल्या पोराचा चालला. आणि मामा काय म्हणाले ते स्वच्छ ऐकूनही मी तोंड उघडलं नव्हतं.

जंगलात जाताना वाटाड्या सक्तीचा असावा का, यावर भटक्यांच्यात कायम वाद असतो. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. वाटाड्या हवाच. पण त्याच्या 'नाही'ला किंमत नसेल तर तो असून नसल्यासारखा आहे, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक जंगल ट्रेकमध्ये ती किंमत त्याला नाही.

हे म्हणणारा मी मुळात वाटाड्यांच्या बाजूचा माणूस नव्हे. पंधरा-सोळा वर्षं पाठीवर सॅक टाकून एकटा फिरतोय. स्टँडवर लागलेल्या एसटीत बसायचं, शेवटच्या स्टॉपला उतरायचं आणि चालायला लागायचं, ही माझी रीत. रांगण्याच्या रानात वाट चुकून मी एक अख्खी दुपार घालवलीय, आणि ती दुपार मला आजही कुठल्याही सहलीपेक्षा जवळची वाटते. एकट्यानं दोन तास चाललं की आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला मोठा वाटायला लागतो, मग पाय आपोआप हळू पडतात आणि कान उघडतात. अशा माणसाला शिट्टी वाजवून रांगेत उभं करायचं, डोकी मोजायची, 'डावीकडे बघा, आता उजवीकडे बघा' म्हणायचं, हे सोसत नाही. त्या ट्रेकलाही मी मित्राच्या आग्रहाखातर गेलो होतो आणि पहिला अर्धा तास मनातनं चिडलेला होतो. ती चीड मला अजूनही खोटी वाटत नाही.

पण मादी दिसण्याआधीच्या त्या तासात आणखी एक गोष्ट घडली होती. मामांनी सहज जाता जाता एका झाडाचं सोललेलं खोड दाखवलं. सांबरानं शिंगं घासून साल काढली होती. दुसऱ्या एका बुंध्यावर खालपासून वरपर्यंत अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते. वर मधाचं पोळं असणार, मामा म्हणाले. उंच फांदीच्या बेचक्यात पानाकाटक्यांचा गोळा दिसला तो शेकरूचा, आणि तसाच दुसरा पलीकडच्या झाडावर, कारण शेकरू एका घरट्यावर भागवत नाही. उकरलेलं वारूळ दिसलं, ते खवले मांजरानं रात्री उकरलेलं. मी अशाच रानांतनं पंधरा वर्षं फिरतोय आणि यातलं काही म्हणजे काहीही माझ्या डोळ्यांना कधी दिसलेलं नव्हतं. माझी मोकळीक खरी होती, पण ती मोकळीक घेऊन मी चालत होतो ते बंद पुस्तकावर. हे मला फार लागलं.

त्यामुळे दाजीपूरसारख्या रानात एकट्यानं शिरायचा हक्क मागणारे माझे मित्र मला आता पटत नाहीत. कोल्हापूर संस्थानच्या काळात हे शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली गव्यांसाठी ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ साली राधानगरीपर्यंत वाढवून त्याचं क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर करण्यात आलं, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत राधानगरीचं नाव आलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याच्या घरात आपण हाक देऊनच आत जातो.

शिवाय कोल्हापूरकराला हे घर परकं नाही. शाहू महाराजांनी भोगावतीवर जे धरण बांधायला घेतलं, त्या राधानगरीचं पाणी याच डोंगरांतनं उतरतं. पावसाळ्यात धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपल्या जिवाची घालमेल होते आणि आपण पंचगंगेची पातळी विचारायला लागतो. दुधगंगेवरच्या काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात यावं म्हणून या शहरानं किती वर्षं आंदोलनं केली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या रानाचं पाणी आपण पितो त्या रानात आपण कसं वागतो, हा चार ट्रेकर्सच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

मग अडतं कुठे? पैशात अडतं.

त्या ट्रेकनंतर पंधरा दिवसांनी मी पुन्हा मामांकडे गेलो, नुसतं भेटायला. अंगणात बसलो. मामींनी कोरा चहा दिला. बोलता बोलता कळलं की त्या दिवसाचे मामांना पाचशे रुपये मिळाले होते. आम्ही प्रत्येकी चौदाशे भरले होते. गाडी, नाष्टा, जेवण, प्रवेश शुल्क, विमा, लीडरचं मानधन असा आयोजकाचा खर्च असतो, तो मला मान्य आहे. आयोजक नसता तर त्यातल्या निम्म्या लोकांनी दाजीपूर पाहिलंच नसतं, हेही मान्य आहे. पण पाचशेला बेचाळिसानं भागलं की माणशी बारा रुपयेसुद्धा भरत नाहीत. ज्याच्या नाकावर, कानावर आणि ओळखीवर आम्ही बेचाळीस जणांनी जीव सोपवला होता, त्याच्यासाठी आमच्या चौदाशेतले बारा रुपये.

"तुम्ही मागं का फिरला नाही मामा?" मी विचारलं.

"मी फिरलो असतो तर उद्याच्याला दुसऱ्याला बोलावतील," मामा म्हणाले. यात तक्रारीचा सूर नव्हता. ऊन पडलंय म्हणावं तसं म्हणाले.

सगळी मेख इथं आहे. आयोजकानं दिवस विकलेला असतो तो 'गवा दिसणार' म्हणून. जाहिरातीत गवा, पोस्टरवर गवा. पैसे भरणाऱ्याला वाटतं आपण गव्याचेच पैसे भरलेत. लीडरला वाटतं गवा दाखवला नाही तर पुढच्या खेपेला लोक यायचे नाहीत. आणि या साखळीच्या टोकाला जो उभा असतो त्याचं उद्याचं काम आयोजकाच्या मर्जीवर. मग त्यानं 'नाही' म्हणायचं कशाच्या बळावर? मी त्या लीडरला दोष देत नाही. पोरगा मनमिळाऊ होता, पडलेल्या मुलीला त्यानंच पाठीवर घेऊन बाहेर आणलं. त्याला जे काम दिलं होतं ते त्यानं केलं. ते कामच चुकीचं ठरवून दिलेलं होतं.

मामांचे आजोबा संस्थानच्या शिकारीत हाक्याला जायचे. माणसांची लांब फळी धरायची, डबे-ढोल वाजवत, ओरडत रान विंचरत जायचं आणि जनावर पुढे बसलेल्या बंदुकीसमोर काढायचं, तो हाका. मामा हे सांगत होते आणि मला आमची बेचाळीस जणांची रांग दिसत होती. तेवढीच माणसं, तोच कालवा. बंदुकीच्या जागी मोबाइल, एवढाच फरक. पळणाऱ्या जनावराला तो फरक कळत नाही. लेकुरवाळीला तर नाहीच.

ही सवय आपल्याला लागली कुठून याचाही मी विचार केला. कोल्हापूरचा पोरगा पहिल्यांदा डोंगर चढतो तो बहुधा पन्हाळा-पावनखिंड मोहिमेत. आषाढातला पाऊस, मसाई पठारावरचं धुकं, वाड्यावाड्यांतनं मिळणारा चहा, शेकडो माणसं, भगवे झेंडे, घोषणा. मी स्वतः आठ वेळा ती वाट चाललोय आणि दर वेळी पांढरेपाण्याच्या पुढे अंगावर काटा आलाय. तिथली गर्दी आणि तिथला गजर मला खटकत नाही. ती गावागावांतनं जाणारी वाट आहे आणि ती माणसं मिळून कुणाची तरी आठवण काढतायत. पण तीच चाल आपण दाजीपूरला घेऊन जातो तिथं चूक होते. आणि खरं सांगायचं तर १६६० च्या जुलैतल्या त्या मूळ रात्रीतही गजर नव्हता. सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटताना भर पावसात, अंधारात, ज्यांना वाट ठाऊक होती त्यांच्या मागनं सगळे चालले होते, आणि गपगुमान चालले होते. पुढच्यानं हात वर केला तर मागच्यानं थांबायचं, याच्यावर त्या रात्री स्वराज्य टिकून होतं.

मला काय हवंय ते सांगतो. अभयारण्याच्या परवान्यावरच एक अट छापलेली असावी: पुढे जायचं की मागे फिरायचं, हा शेवटचा शब्द स्थानिक वाटाड्याचा. लीडरचा नाही, पैसे भरणाऱ्याचा तर नाहीच. आणि नुसती अट छापून भागणार नाही. वाटाड्याचे पैसे आयोजकाच्या हातातनं जायला नकोत, ते नाक्यावरच थेट जमा व्हावेत, आणि अर्ध्या वाटेतनं फिरला तरी पुरे मिळावेत. पैसे तुटायचे नसले तरच माणसाच्या तोंडून 'नाही' निघतं. एका वाटाड्यामागं दहापेक्षा जास्त माणसं नसावीत. बेचाळीस आणायची असतील तर आणा, पण पाच वाटाडे घ्या, पाच वेगळ्या वेळांना सोडा. यानं धनगरवाड्यावरच्या आणखी चार घरांना काम मिळेल. राज्य सरकारनं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम त्यातनं आले, ते हवंच होतं. पण दोरखंड आणि हेल्मेट तपासणं सोपं असतं. रानात सुरक्षितता असते ती माणसाच्या अंदाजात, आणि तो अंदाज ज्याच्याजवळ आहे तो या सगळ्या कागदांत सगळ्यांत खाली राहतो.

यावर मित्रांनी दोन आक्षेप घेतले. पहिला असा, की पैसे पुरेच मिळणार म्हटल्यावर एखादा वाटाड्या आळसानं दहा वाजताच मागे फिरेल. फिरेलही. त्यासाठी नाक्यावर एक वही ठेवावी. कुठून फिरलो, काय दिसलं, का फिरलो, हे वाटाड्यानं सांगायचं आणि नाक्यावरच्या माणसानं लिहायचं. वर्षभरात त्या वहीतनं लेकुरवाळे कळप कुठल्या महिन्यात कुठल्या वाटेवर असतात हे वनखात्याला आपसूक कळेल, आणि कुणी रोज एकाच वळणावरनं परत येत असेल तर तेही कळेल.

दुसरा आक्षेप जास्त कळकळीचा होता, आणि तो एका कॉलेजच्या पोरानं घेतला. दादा, हे सगळं केलं तर ट्रेक महाग होणार, मग जंगल फक्त पैसेवाल्यांचं. हे ऐकून मी काही वेळ गप्प झालो, कारण विशीतला मीच ते बोलतोय असं वाटलं. पण मग आम्ही कागदावर मांडलं. वाटाड्याला दिवसाचे पंधराशे द्यायचे आणि सोबत दहा माणसं, तर माणशी दीडशे. घरून भाकरी-पिठलं बांधून घेतलं, लाल गाडीनं गेलं, तर तो दिवस आमच्या चौदाशेच्या कितीतरी आत बसतो. महाग होतं ते मधलं सगळं, टी-शर्ट, बॅनर आणि गव्याची हमी. तरीही जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांसाठी महिन्यातले दोन दिवस प्रवेश शुल्क माफ असावं असं मला मनापासून वाटतं. कोल्हापुरात वाढलेली कितीतरी मुलं ताडोब्याला जाऊन येतात आणि दाजीपूर त्यांनी पाहिलेलं नसतं. २०२१ च्या डिसेंबरात गवा शहरापर्यंत आला, तेव्हा जनावरापेक्षा त्याला बघायला लोटलेल्या गर्दीचीच जास्त काळजी होती. गव्यासमोर गप्प उभं राहायचं असतं, एवढं तरी या जिल्ह्यातल्या पोराला शाळेत असतानाच कळायला हवं.

फेब्रुवारीत आम्ही चौघं परत गेलो. परवाना काढला, मामांना आधीच फोन केला होता. "या," ते म्हणाले होते, "पर कुठवर जायाचं ते तितं गेल्यावर बघू." सावराई सड्याच्या अलीकडे त्यांनी हात वर केला. या वेळी काय दिसलं, कशाचा वास आला, आम्ही विचारलंही नाही. नुसते थांबलो आणि वळलो. गवा दिसला नाही, शेकरूसुद्धा नाही.

माझ्या मनातली ती जुनी ओढ मात्र गेली नव्हती. कुणाच्या तरी मागं चालायचं, हे मला त्या दिवशीही जड जात होतं. परतीच्या वाटेवर कातळाचा एक मोकळा तुकडा लागला, कडेला जांभळी. मी मामांना विचारलं, "इथं थोडा वेळ एकटा बसू का?" मामांनी आधी वाऱ्याचा रोख बघितला, मग चिमूटभर माती उडवून पुन्हा बघितला. "बसा की. मी हाय त्या जांभळीमागं." बाकीच्या तिघांना घेऊन ते तिकडे गेले, आणि त्यांच्या पावलांचा आवाज थांबला.

मी कातळावर बसलो. खालच्या दरीत कुठंतरी शीळकरी कस्तुर एक लांब शीळ घालून थांबला. वाळलेल्या गवतावर उन्हाचा पट्टा हळूहळू माझ्या बुटांपर्यंत आला. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, वारा फिरला आणि तो वास आला, गोठ्याचा, उग्र. मी मान न वळवता जांभळीकडे बघितलं. मामांचा हात आधीच वर गेला होता.